काचबिंदूचे किती टक्के?

उल्हासनगरात पत्ता विचारा, अजूनही "बरॅक नंबर अमुक, सेक्शन तमुक, कॅम्प चार" असं उत्तर मिळतं. बरॅक कुठेच दिसत नाही, तिच्या जागी चार मजली इमारत आणि खाली जीन्सचं दुकान. नाव मात्र टिकलंय. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ उभा राहिला होता, सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसं मावतील एवढा. फाळणीनंतर त्याच बरॅकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. पुढे अंबरनाथ, तिथे संरक्षण खात्याचे कारखाने. त्याच्या पुढे बदलापूर, जिथे माझ्यासारखे आयटीवाले परवडतं म्हणून घर घेतात आणि मग आयुष्यभर सकाळची ६.५० पकडतात.

बदलापुरात अजून एक वर्ग घर घेतो, तो म्हणजे निवृत्त फौजी. आमच्या सोसायटीत एक हवालदारकाका आहेत, मूळचे सातारा जिल्ह्यातले. त्यांना निवृत्तीनंतर काही वर्षांनी काचबिंदू निघाला. मागे एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला नेटवर सगळं सापडतं. जरा बघून सांगा, काचबिंदूचे किती टक्के देतात?"

किती टक्के! मला आधी कळेचना की हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा, वकिलाला की अकाउंटंटला. नंतर लक्षात आलं, तिघांनाही. आणि चौथा इतिहासकार. म्हणून हा शनिवार-रविवारचा उद्योग.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण पुढचा सगळा गुंता त्याच्या स्वभावातून येतो. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते काढून दुसरं बसवलं की काम झालं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. गेलेली नस परत येत नाही. थेंब घालून, लेझर किंवा शस्त्रक्रिया करून उरलेली वाचवायची, एवढंच हातात असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, लाल होत नाही, आणि नजर कडेकडून जाते. मधलं शेवटपर्यंत शाबूत राहू शकतं. माणूस भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतो आणि दारातून बाहेर पडताना चौकटीला धडकतो.

आता अशा आजाराला आकडा द्यायचा.

जखमेला आकडा देणं नवीन नाही. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतरचा हिशोब आहे (प्रसंग १६५९ चा, बखर शतकाच्या शेवटाकडची, जिंजीत लिहिलेली). मेलेल्यांच्या मुलांना चालवलं, मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन, आणि जखमींना जखम बघून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत. "जखम बघून" हे महत्त्वाचं. म्हणजे कुणीतरी बसून बघत होतं, तुलना करत होतं, पायऱ्या ठरवत होतं. आजच्या भाषेत मेडिकल बोर्डच की! त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्रातले चाचेही करार करून निघायचे. एक्सक्वेमेलिनने १६७८ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्यांचे दर दिलेत. उजवा हात गेला तर सहाशे नाणी, डोळा गेला तर शंभर. आणि बोट गेलं तरी शंभर. एक डोळा बरोबर एक बोट! चाच्यांना दोरखंड ओढायला हात लागतात, डोळा एक असला तरी भागतं, असा व्यवहारी विचार असावा. थोडक्यात, दर हा इजेचा नसतो, त्या कामाला त्या अवयवाची किती गरज आहे त्याचा असतो.

पण या दोन्ही ठिकाणी जखम म्हणजे दिसणारी जखम. तलवारीचा वार मोजता येतो. आजाराचं काय?

डोळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आला तो नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर. १८०१ मध्ये इंग्रजांची फौज तिथे उतरली. हिंदुस्थानातूनही डेव्हिड बेअर्डच्या हाताखाली एक फौज तांबड्या समुद्रामार्गे गेली, तिच्यात मुंबईचे देशी शिपाईही होते. तिकडे डोळे येण्याची भयंकर साथ होती, त्यातला बराचसा भाग आपण ज्याला खुपऱ्या म्हणतो तो. इंग्रज सैनिक घरी परतले ते साथ घेऊनच. हजारो जण आंधळे होऊन पेन्शनीच्या यादीत गेले. लंडनचं प्रसिद्ध मूरफील्ड्स नेत्र रुग्णालय १८०५ मध्ये दवाखाना म्हणून सुरू झालं, त्यामागे ही साथ हे एक मोठं कारण होतं. गोळी न लागता, लढाईच्या दिवशी नव्हे तर तळावर राहून आंधळा झालेला सैनिक: त्याला सरकारने पैसे द्यायचे का? तेव्हा दिले, कारण संख्या डोळ्यांआड करण्यासारखी नव्हती. (श्लेष आपोआप झाला, माफी असावी.)

आपल्याकडे कोकणात दापोली ही तशी गंमतीदार जागा. दक्षिण कोकणातली लष्करी छावणी, म्हणून कॅम्प दापोली, त्याचं लोकांनी "काप दापोली" केलं. नियमित फौज गेल्यावरही तिथे जुन्या, थकलेल्या शिपायांची व्हेटरन बटालियन होती, ती १८५७ च्या सुमाराला मोडली. पुढेही पेन्शनर मंडळी तिथे राहत राहिली. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झाल्यावर दापोलीलाच होते, बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. लष्करी पेन्शनीने एका गावाला काय दिलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की तेव्हा म्हाताऱ्या किंवा अधू शिपायाला टक्के नव्हते. तो कामाचा आहे की नाही, एवढंच बघायचे. हो किंवा नाही. आमच्या भाषेत बुलियन.

टक्के आणले पहिल्या महायुद्धाने. जखमी परतलेल्यांची संख्या लाखांत गेल्यावर "हो किंवा नाही" पुरेना. १९१७ मध्ये ब्रिटनने तक्ता केला, अमुक अवयव गेला तर अमुक टक्के, १०० पासून खाली २० पर्यंत. त्याच वर्षी मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, ते पुढे खडकीला गेलं आणि आजही आहे. दुसऱ्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या भारतीय सैनिकांसाठी डेहराडूनला सेंट डन्स्टन्स निघालं, ते उभं करणारे क्लूथा मॅकेन्झी स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले न्यूझीलंडर. आजची डेहराडूनची राष्ट्रीय दृष्टिबाधित संस्था त्यातूनच वाढली. म्हणजे युद्धात आंधळे झालेल्यांकडे लक्ष होतं, नाही असं नाही. पण त्यांच्यात सुरुंगाने, गोळ्याने आंधळे झालेले पुढे, आणि सावकाश आंधळे होणारे मागे.

आता स्वतंत्र भारत. लष्कराचे पेन्शन नियम १९६१ चे. त्यातलं कलम १७३ असं सांगतं की अपंगत्व पेन्शन मिळण्यासाठी दोन गोष्टी हव्यात: अपंगत्व सेवेमुळे झालेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं, आणि ते २० टक्के किंवा जास्त ठरावं. मधे "आणि" आहे, "किंवा" नाही. त्यामुळे काकांच्या प्रश्नात एक पायरी गाळली गेलीय. किती टक्के हा दुसरा प्रश्न, कशामुळे हा पहिला.

पहिल्या प्रश्नाचं नकारार्थी उत्तर मेडिकल बोर्डाच्या कागदांवर ज्या शब्दांत येतं त्याचं लघुरूप होतं एनएएनए. ना सेवेमुळे झालेलं, ना सेवेमुळे वाढलेलं. निकालपत्रांतसुद्धा हे लघुरूप सर्रास येतं, आणि सलग वाचलं की होतं "नाना". काका म्हणाले, "आमच्या बॅचच्या निम्म्या लोकांच्या कागदावर नाना बसलाय." मी हसलो, ते नाही हसले.

काचबिंदूला नाना चिकटतो कसा, ते बघा. वय वाढलं की हा आजार होतो, घराण्यात असला की होतो, असं कुठलंही पुस्तक सांगेल. त्यामुळे "प्रकृतीचा भाग" असं लिहिणं सोपं. पण डोळ्याला मुका मार लागला (बॉक्सिंगमध्ये ठोसा बसला, उडालेला दगड लागला) तर डोळ्यातलं पाणी निचरा होण्याची जागा फाटते आणि काचबिंदू कधी कधी कित्येक वर्षांनी उगवतो. स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस घातले तरी दाब वाढू शकतो. आता पंचवीस वर्षांपूर्वीच्या ठोशाचा कागद कोण आणणार? त्या दिवशी युनिटच्या दवाखान्यात बर्फ लावून परत पाठवलं असेल. लॉगच लिहिला नाही तर डीबग काय करणार?

इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल फार महत्त्वाचा. माणूस सिग्नल्समधला, १९८५ ला भरती, १९९४ ला फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलेला, अपंगत्व २० टक्के, पेन्शन नाकारलेली. न्यायालयाने म्हटलं, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून घेतलंत ना? तेव्हा कागदावर आजार नोंदलेला नसेल तर तो धडधाकट होता असं धरा, आणि नंतर बिघडलं ते सेवेमुळे बिघडलं असं गृहीत धरा. तसं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सैनिकावर नाही. आणि बोर्डाने नाही म्हणायचं तर कारण लिहावं, नुसता शिक्का नको. वाचायला साधं वाटतं. पण हे तत्त्व नियमांत आधीच होतं! १९८२ च्या नियमांत. एकतीस वर्षं कोड बरोबर होतं आणि प्रोडक्शनमध्ये दुसरंच काहीतरी चालू होतं.

त्याच १९८२ च्या नियमांत अजून एक तरतूद आहे, जी काचबिंदूवाल्याने पाठ करावी. निवृत्तीच्या वेळी आजार नव्हता, पण नंतर सात वर्षांच्या आत दिसला, आणि त्याची सुरुवात सेवेतल्या परिस्थितीमुळे झाली होती असं सक्षम डॉक्टरांना वाटलं, तर तोही सेवेमुळे झालेला मानता येतो. उशिरा उमटलेला आजार. पंचेचाळिशीच्या आत घरी येणाऱ्या आणि पन्नाशीच्या आसपास धडकायला लागणाऱ्या माणसासाठीच जणू लिहिलेली ओळ. पण घड्याळ निवृत्तीच्या दिवशी सुरू होतं आणि काचबिंदू सांगून येत नाही. चाळिशीनंतर दर एक-दोन वर्षांनी डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यायची, आणि त्याचा कागद जपून ठेवायचा, एवढाच उपाय. (हे फौजी नसलेल्यांनाही लागू. दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर बसणाऱ्या मित्रांनो, चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे.)

आता दुसरा प्रश्न, टक्के. इथे सरकारने २००१ मध्ये एक सुंदर गोष्ट केली. १ जानेवारी १९९६ पासून लागू असं म्हणत टक्के गोल करायचे ठरवलं: ५० च्या खाली असेल तर ५० धरा, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर १००. यामागचा विचार मला खरंच आवडला. दोन बोर्डं एकाच माणसाला ३० आणि ४० देऊ शकतात, मग त्या दहा टक्क्यांवरून भांडणं कशाला, मापनातली चूक सैनिकाच्या बाजूने टाका. पैशांत बघू. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. पगार ४०,००० धरला तर पूर्ण अपंगत्वाचे १२,००० होतात. ३० टक्के अपंगत्वाचे ३,६००, आणि गोल केल्यावर ५० टक्के म्हणून ६,०००. महागाई भत्ता वेगळा. महिन्याला २,४०० चा फरक म्हणजे थेंबांच्या बाटल्या वगैरे सगळं त्यात येतं.

पण हे गोल करणं फक्त आजारपणामुळे मधेच घरी पाठवलेल्यांना, मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांना नाही, असं सरकार म्हणत राहिलं. म्हणजे अधू डोळ्याने का होईना पण शेवटपर्यंत ड्युटी केली त्याला कमी. हे प्रकरण राम अवतार यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १० डिसेंबर २०१४ ला निकाल लागला: दोघांनाही द्या. मधल्या काळात सैन्यदल न्यायाधिकरण आलं होतं (कायदा २००७ चा, उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते ८ ऑगस्ट २००९ ला, उल्हासनगरच्या साठाव्या वाढदिवशी, निव्वळ योगायोग). त्याचं एक पीठ मुंबईत आहे. अपंगत्व पेन्शनच्या दाव्यांनी ही पीठं भरून गेली, आणि सैनिक जिंकला की सरकार वर अपील करायचं. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी यावर तज्ज्ञांची समिती नेमली, दावे कमी कसे करता येतील हे बघायला. आयआयटी मुंबईचा इंजिनियर मंत्री झाला की असं होतं, तक्रार एकेक सोडवत बसण्यापेक्षा तक्रारी का येतात ते विचारतो.

पुढे लंबक परत फिरला. २१ सप्टेंबर २०२३ ला नवे नियम आले. त्यात सेवा पूर्ण करणाऱ्या आजारी सैनिकासाठी "इम्पेअरमेंट रिलीफ" असा वेगळाच शब्द आहे. उदार तरतुदींचा काही जण गैरफायदा घेतात, असं सैन्याकडून सांगण्यात आलं. घेत असतीलही. रक्तदाब आणि मधुमेहावर मोठ्या हुद्द्याच्या लोकांनी टक्के मिळवल्याच्या गोष्टी काकाच सांगतात, आणि रागानेच सांगतात. पण चाळणी बारीक केली की त्यातून आधी कोण गळतो? ज्याच्याकडे कागद नाहीत तो. रक्तदाबाचा रोजचा आकडा नोंदलेला असतो, डोळ्याच्या कडेने किती दिसत होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

अमेरिकेने हे मोजमाप कसं केलंय ते बघून मला तर इंजिनियर म्हणून हेवाच वाटला. तिथे माजी सैनिकांच्या खात्याच्या तक्त्यात नेहमीच्या काचबिंदूला स्वतःचा क्रमांक आहे, ६०१३. रोज औषध घ्यावं लागतं? मग कमीत कमी १० टक्के, वाद नाही. पुढे कडेची नजर मोजायची. आठ दिशांना किती अंशांपर्यंत दिसतं ते बघायचं. निरोगी डोळ्याची बेरीज ५०० धरलीय. तुमची बेरीज घ्या, आठाने भागा. सरासरी ३८ अंश आली, दोन्ही डोळ्यांत, तर ३० टक्के. ५ अंशांवर आली तर १००. दोन आजार असले तर टक्के सरळ मिळवत नाहीत: ३० टक्के गेले की माणूस ७० उरला, पुढचे २० टक्के त्या ७० चे, म्हणजे १४, एकूण ४४, गोल करून ४०. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कंजूषपणा वाटला, पण तर्क पक्का आहे, नाहीतर माणूस १३० टक्के अपंग व्हायचा. मुख्य म्हणजे हा तक्ता कुणालाही वाचता येतो. निवृत्त सार्जंट घरी बसून स्वतःचा आकडा काढू शकतो.

आपल्याकडचं अंशांचं गणित बघायचं तर फौजेबाहेरच्या अपंगत्व कायद्याकडे जावं लागतं, आणि तिथे एक चमत्कार आहे. १९९५ च्या कायद्यात नजरेचं वर्तुळ २० अंश किंवा त्याहून कमी झालं की माणूस अंध. २०१६ च्या नव्या कायद्यात अंध ठरायला १० अंशांच्या खाली जावं लागतं, आणि ४० पासून १० पर्यंत "अल्पदृष्टी". म्हणजे १५ अंश दिसणारा माणूस जुन्या कायद्यात आंधळा होता आणि नव्या कायद्यात नाही. एक थेंबही न घालता नजर सुधारली! (न्यायाचं बोलायचं तर नव्या कायद्याने ४० अंशांपासूनच्या लोकांना आत घेतलं, ते पूर्वी कुठेच नव्हते.)

आणि अंबरनाथ? तिथल्या लेथवरच्या कामगाराचाही डोळा जातोच. सैनिक नाही म्हणून त्याला लष्कराचे नियम नाहीत. खासगी कारखान्यातल्या कामगारासाठी २०२५ पर्यंत १९२३ चा नुकसानभरपाई कायदा होता: एक डोळा गेला, दुसरा चांगला, तर ४० टक्के. डोळा जागेवर आहे पण नजर गेली तर ३०. व्यवसायामुळे होणाऱ्या आजारांची यादीही होती, आणि तिच्यात भट्टीच्या उष्ण किरणांमुळे होणारा मोतीबिंदू होता, जो आज शस्त्रक्रियेने बरा होतो. काचबिंदू त्या यादीत नव्हता.

काकांना मी एक कागद लिहून दिलाय. वर १० आणि १२, म्हणजे सेवेतल्या प्रत्येक आजारपणाचे आणि शेवटच्या बोर्डाचे कागद मागवायच्या अर्जांचे मुद्दे. खाली डॉक्टरला विचारायचा एकच प्रश्न: नस जितकी वाळलीय तितकी वाळायला साधारण किती वर्षं लागली असतील? उत्तर लेखी हवं, तारखेसह. अर्ज ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे जाईल. अक्षर मोठं काढलंय आणि सगळं कागदाच्या मधोमध लिहिलंय, समासात काही नाही.